ओसरीवरून : तबकडीची निवड

जन्मभर ज्यानें मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं आणि समास सोडवून घेतले, त्या मास्तरानें मोटारीच्या ब्रेकवर पानेंच्या पानें लिहावीं, हें पाहून आमच्या नित्याच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या भुंवया वर चढतील. "मास्तर, हा अव्यापारेषु व्यापार कशासाठीं?" असें कोणी विचारलें तर तो प्रश्न अगदींच गैर म्हणतां येणार नाहीं. परंतु हल्लीं घराघरांत मोटारी झाल्या आहेत, आणि त्या हांकणारे आपलेच मुलगे, सुना व नातवंडें आहेत. गाडी किती पळते हें सारे विचारतात; ती थांबते कशानें, हें विचारणारा विरळा. ज्या प्रसंगानें मला हा प्रश्न विचारणें भाग पाडलें, तो आज जसा घडला तसा सांगतों.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें पुतण्याकडे राहिलों होतों. पुतण्या मोठा कष्टाळू आहे. व्यसन म्हणाल तर एकच. त्याच्या दारांत एक जुनी, दोघांपुरती, कापडी टप मागें दुमडतां येईल अशी मोटार उभी असते. मज्दा कंपनीची ही 'एमएक्स-५' प्रथम १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. तिची पहिली पिढी १९९७ पर्यंत निघत होती. पुढें नव्या पिढ्या आल्या, आणि २०१६ सालीं या जातीची दहा लक्षावी गाडी कारखान्यांतून बाहेर पडली. पुतण्याची गाडी १९९१ ची, १६०० सीसी इंजिनाची. आठवडाभर ती झांकलेली असावयाची आणि रविवारीं देवदर्शनास निघावें तशा थाटानें बाहेर पडावयाची.

अशाच एका रविवारीं त्यानें मला डार्बिशायरचे डोंगर दाखवावयास नेलें. तेथें कासलटन गांवाजवळ 'विनॅट्स पास' नांवाची खिंड आहे. दोहों बाजूंस चुनखडीचे कडे आणि मधून अरुंद, अतिशय उभा रस्ता. आपल्या खंडाळ्याच्या घाटाइतका तो लांब नाहीं. पण जेवढा आहे तेवढा छातींत धडकी भरविणारा आहे. पुतण्यास ती वाट इतकी आवडली कीं, त्यानें मौजेखातर गाडी दोनदां वरखालीं केली. ब्रेक लावतांना सुकाणूचें चाक थरथरत होतें, हें माझ्या ध्यानांत आलें होतें. पण जुनी गाडी, चालावयाचेंच, असें म्हणून मी गप्प बसलों. तिसऱ्या खेपेस अर्ध्या उतारावर आलों असतां त्यानें ब्रेकवर पाय ठेवला, आणि चिखलांत पाय रुतावा तसें पेडल खालीं खालीं गेलें. गाडी कांहीं थांबेना. पुढें वीस-पंचवीस हातांवर सायकलीवरून एक बाप आणि त्याची लहान मुलगी उतरत होतीं.

पुतण्यानें डोकें शाबूत ठेवलें, हें त्याच्या आईबापांचें पुण्य. त्यानें गिअर खालीं घेतला, पेडल भराभर दाबून सोडलें, हातब्रेक हळूहळू ओढला, आणि गाडी कडेच्या गवतांत नेऊन उभी केली. त्या बापलेकींस यांतलें कांहीं कळलेंहि नाहीं; मुलीनें तर हंसून आम्हांस हात केला. आम्ही दोघे पांच मिनिटें तोंडांतून अक्षर न काढतां बसून राहिलों. मग तो म्हणाला, "काका, काकूला यांतलें कांहीं सांगूं नका." पुढें अर्धा तास थांबल्यावर पेडल पुन्हां घट्ट लागूं लागलें, तरी परततांना त्यानें गाडी अगदीं सावकाश आणली.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तो ब्रेकच्या नव्या तबकड्या निवडावयास बसला. मोटारीच्या चाकामागें ग्रामोफोनच्या तबकडीसारखी एक लोखंडी तबकडी चाकाबरोबर फिरत असते. पेडल दाबलें कीं तिला दोन्ही बाजूंनीं पॅड चिमट्यासारखे धरतात, आणि त्या घर्षणानें गाडी थांबते. या युक्तीचें पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज यंत्रज्ञानें १९०२ सालींच घेतलें होतें. जगाची खात्री पटावयास मात्र अर्धें शतक जावें लागलें. १९५३ सालीं फ्रान्सांतील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वार गाडीनें अशाच ब्रेकांच्या बळावर जिंकली, तेव्हां सर्वांचे डोळे उघडले.

पुतण्यानें पसंत केलेली तबकडी मला दाखविली. सोनेरी मुलामा, चाळणीसारखीं भोकें, वर तिरकस चरे. एखाद्या नववधूचा दागिनाच!

"हीं भोकें कशासाठीं रे?" मीं विचारलें.

"काका, शर्यतीच्या गाड्यांना असतात. त्यांनीं ब्रेक थंड राहतो."

"आणि काल जें झालें, तें भोकें नव्हतीं म्हणून झालें काय?"

यावर तो थबकला. मग आम्ही दोघांनीं शास्त्रार्थाला बसावें तसें या विषयाला हात घातला. पुढें त्याच्या ओळखीच्या एका वयोवृद्ध कारागिराकडे जाऊन जें शिकलों, त्याचा सारांश असा.

पहिली गोष्ट ही कीं, ब्रेक गतीचा नाश करीत नाहीं. तो गतीचें उष्णतेंत रूपांतर करतो. हिशेब शाळेंतलाच आहे. एक हजार किलो वजनाची गाडी ताशीं १०० किलोमीटर वेगांत असतां तिच्या ठायीं सुमारें ३८६ किलोज्यूल ऊर्जा असते. ती एकदां पूर्ण थांबविली, तर निघणाऱ्या उष्णतेनें २५ अंशांचें सुमारें सव्वा लीटर पाणी उकळीस येईल. वेग दुप्पट, तर उष्णता चौपट. उताराचें गणित आणखी बोलकें आहे. तीच गाडी केवळ ब्रेकांच्या आधारानें १०० मीटर खालीं उतरविली, तर सुमारें ९८० किलोज्यूल उष्णता निघते. म्हणजे भरधाव गाडी अडीच वेळां थांबविण्याइतकी! आम्ही तर उतारामागून उतार केले होते. घाटांत खालच्या गिअरांत उतरावें, हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक याच कारणास्तव आहे. मग भार इंजिनावर पडतो.

ही उष्णता प्रथम सांठवावयाची कोणीं? तर तबकडीच्या लोखंडानें. म्हणून तबकडींत धातू भरपूर असणें हा गुण आहे. ती बहुधा बिडाची करतात. कारण त्यांतील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळें उष्णता लवकर पसरते आणि कंपहि शोषले जातात. पुढच्या चाकांच्या तबकड्या दुपदरी असून मधल्या पोकळींतून वारा खेळतो. भोकें पाडण्याची चाल पडली ती, जुन्या काळचे पॅड तापले म्हणजे वायू सोडीत, त्यास वाट मिळावी म्हणून. आजच्या पॅडांना तो दोष फारसा उरलेला नाहीं. उलट भोकांमुळें धातू कमी होतो, आणि फार तापल्यास भोकांच्या कडेपासून चिरा जाण्याचें भय असतें. चरे पॅडांचें तोंड पुसून साफ ठेवतात हें खरें. पण पॅड थोडे लवकर झिजवितात व आवाजहि करतात. तात्पर्य, रस्त्यावर चालणाऱ्या हलक्या गाडीस चांगल्या कारखान्याची साधी, सपाट तबकडी पुरेशी आहे. मुलाम्याचा उपयोगहि त्यांतच पाहावा: इंग्लंडांत हिंवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात, तेव्हां पॅड न घांसणाऱ्या भागांवर गंज न चढूं देणारा लेप असला तर तो हितावह.

दुसरी गोष्ट मापाची. घाईघाईनें मागविलेल्या पहिल्या तबकड्या बसेचनात! दुकानदारानें 'पहिली पिढी' एवढेंच पाहून माल धाडला होता. वास्तविक १६०० सीसी गाडीची पुढची तबकडी सुमारें २३५ मिलिमीटर व्यासाची, तर १९९४ च्या सुमारास आलेल्या १८०० सीसी गाडीची सुमारें २५५ मिलिमीटरची. नांव एक, रूप एक, माप मात्र भिन्न. जुन्या गाडीचा सुटा भाग मागवितांना सालावर विसंबूं नये. चासी नंबर द्यावा आणि जुना भाग काढून मोजावा. मोठी तबकडी बसवावयाची हौसच असेल, तर तिच्याजोगी कॅलिपरची बैठक लागते, चाकांत जागा लागते, आणि पुढच्या-मागच्या ब्रेकांचा तोलहि बदलतो. एक अवयव बदलला कीं सारें शरीर बदलावें लागतें.

जुनी तबकडी बाद केव्हां ठरवावी? तिच्यावरच किमान जाडीचा आंकडा कोरलेला किंवा ओतलेला असतो. मायक्रोमीटरनें चार-सहा ठिकाणीं जाडी मोजावी. पुतण्याची तबकडी त्या मर्यादेखालीं गेलीच होती. शिवाय आंतल्या बाजूस गंजाचे खड्डे होते. आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीस हा रोग विशेष जडतो. सुकाणूची थरथर होत होती ती यामुळेंच. लोक म्हणतात "तबकडी वांकली". पुष्कळदां ती वांकलेली नसते, तिची जाडी जागोजागीं कमीअधिक झालेली असते किंवा पॅडाचा थर तिच्यावर असमान बसलेला असतो. आणि तबकड्या बदलावयाच्या त्या नेहमीं दोन्ही चाकांच्या मिळून, पॅडांसह.

आतां मुख्य प्रश्न. पेडल रुतलें कशानें? येथें त्या वृद्ध कारागिरानें आम्हां दोघांस विद्यार्थी करून सोडलें. तो म्हणाला, "पॅड तापून हरले, तर पेडल घट्ट लागतें, पण गाडी थांबत नाहीं. पेडलच मऊ पडलें, तर नळींत पाहा." ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतों तें तेल नव्हेच, तो हवेंतील ओलावा शोषणारा द्रव आहे. 'डॉट ४' जातीचा द्रव कोरडा असतां निदान २३० अंशांपर्यंत उकळतां कामा नये. ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळला कीं वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोंचतच नाहीं. पुतण्यानें गाडी घेतल्यापासून सहा वर्षें तो द्रव बदलला नव्हता! तेथें मोटारींची वार्षिक सरकारी तपासणी होते, तींतून गाडी दरवर्षीं सुटत होती. पण द्रव कितव्या अंशावर उकळेल हें त्या तपासणींत पाहत नाहींत. उतीर्ण झालेला विद्यार्थी विद्वान असतोच असें नाहीं, हें मास्तरांपेक्षां कोणास अधिक ठाऊक?

म्हणजे सोनेरी तबकड्या आणल्या असत्या, तर गाडी शोभली असती, थरथर थांबली असती, आणि पुढच्या घाटांत पेडल पुन्हां तसेंच रुतलें असतें. रोग एकीकडे, लेप दुसरीकडे!

अखेर साध्या तबकड्या, नवे पॅड आणि नवा द्रव असा बेत ठरला. वांचलेल्या पैशांत कॅलिपरच्या सरकत्या पिनाहि साफ करून घेतल्या. कारागिरानें तबकडी ज्या बैठकीवर बसते तिचा गंज कणन् कण घांसून काढला. तेथें केसाएवढा कण राहिला तरी कडेला तबकडी डुलते. डायल गेज लावून तो डोल मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आंत असल्याचें त्यानें आम्हांस दाखविलें. नव्या तबकडीवरचें संरक्षक तेल पुसलें, चाकाच्या चाक्या टॉर्क पान्यानें सारख्या आवळल्या. मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगापासून पुन्हां पुन्हां गाडी मंद केली. पूर्ण थांबविली मात्र नाहीं, कारण तापलेला पॅड एकाच जागीं दाबून धरला तर तेथें डाग पडतो. शेवटीं गाडी सावकाश चालवून ब्रेक निववले. नव्या सुनेला घरांत रुळूं द्यावें लागतें, तसेंच हें.

पंधरवड्यानें आम्ही पुन्हां त्याच खिंडींत गेलों. या वेळीं दुसऱ्या गिअरांत, एकदांच उतरलों. पेडल शेवटपर्यंत घट्ट होतें. खालीं आल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, आतां पोरीला शेजारीं बसवून आणायला हरकत नाहीं." त्या एका वाक्यांत तबकडीच्या निवडीचें सारें शास्त्र मला आढळलें. आपल्या शेजारीं कोण बसणार आहे आणि पुढें रस्त्यावर कोणाचें लेंकरूं चाललें आहे, हें मनांत आणून जी वस्तू घ्यावयाची, ती डोळ्यांना विचारून घेऊं नये, मोजून घ्यावी. आणि जें दिसत नाहीं, त्याची चौकशी आधीं करावी.

कठोपनिषदांत देहाला रथ, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम म्हटलें आहे. रथाच्या सोनेरी कळसाचा तेथें उल्लेख नाहीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

असो. पुतण्याला दिलेलें वचन मीं आजवर पाळलें. आमच्या लेखांचीं मुद्रितें मात्र घरांत काकूच तपासतात. तेव्हां हा मजकूर छापून येण्यापूर्वींच मला ओसरीवर जाब द्यावा लागेल, असें दिसतें.