शेतीवास्तूंचे मूल्यमापन : लिंबची विहीर आणि हरिपूरची पेवे

शेतीच्या कामासाठी बांधलेल्या वा खोदलेल्या वास्तूंना, म्हणजे मोटेच्या विहिरी, गोठे, खळी, गुऱ्हाळघरे आणि धान्य साठवण्याची बळदे व पेवे यांना, वारशात स्थान देण्याचा प्रश्न निघाला की या वास्तू केवळ उपयोगाच्या आहेत, त्यांत कला नाही आणि सततच्या डागडुजीमुळे मूळचे असे काही उरलेलेही नाही, हा आक्षेप घेतला जातो. देऊळ आणि किल्ला यांच्यासाठी घडलेली मोजपट्टी गोठ्याला लावल्यावर गोठा तोकडा ठरणार, यात नवल नाही. दोष मोजपट्टीचा आहे.

ही मोजपट्टी कौतुक करतानाही फसवते. साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारा मोटांची विहीर शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४, या काळात विरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. अष्टकोनी आकाराची, सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची ही विहीर आज नावाजली जाते ती मुख्यतः तिच्यातील महालामुळे आणि कोरीव शिल्पांमुळे. वस्तुतः ती आमराईला पाणी देण्यासाठी होती, आणि तिची खरी साक्ष मोटांच्या जागांत आहे. एका वेळी बारा मोटा चालत असतील, तर प्रत्येक मोटेला एकच बैलजोडी धरली तरी बारा जोड्या, त्या हाकणारे मोटकरी आणि पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यांत फिरवणारे हात, एवढा श्रमाचा पसारा त्या काठावर उभा राहतो. मोट जितकी खोल उतरते तितकेच अंतर बैलांना धावेवरून, म्हणजे विहिरीपासून दूर जाणाऱ्या उतरत्या वाटेवरून, चालावे लागते. म्हणून साध्या, बिननक्षीच्या विहिरीचीही धाव शाबूत असेल तर तिच्या लांबीवरून त्या काळच्या पाण्याच्या पातळीचा अंदाज बांधता येतो. इंजिन आणि विजेचा पंप आल्यावर धाव निरुपयोगी होऊन नांगराखाली गेली आणि विहीर तेवढी उरली, तर निम्मा पुरावा गेला असेच म्हटले पाहिजे. विहीर, मोटेचे पाणी ज्यात ओतले जाते ते थारोळे, पाट आणि मळा यांचे मूल्य एकत्रच ठरवावे लागते.

कलामूल्याचा आग्रह किती अपुरा आहे, हे सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीच्या पेवांवरून अधिक स्पष्ट होते. पेव म्हणजे अरुंद तोंडाचे, आत रुंदावत जाणारे जमिनीतील कोठार. तोंड बंद केल्यावर आतली हवा कोंडते, किडीला जगणे अवघड होते आणि माल दीर्घकाळ टिकतो. त्यामुळेच पेव उघडल्यावर दूषित हवा निघून जाईपर्यंत आत उतरता येत नाही. पाहण्यासारखे येथे काहीच नाही. आहे ते मातीचा पोत, हवा आणि ओलावा यांचे नेमके ज्ञान. २००५ च्या महापुरात यांतील अनेक पेवे निकामी झाली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु जिच्या ख्यातीत या साठवणीचाही वाटा आहे तिला मान देताना कोठारांकडे तितक्याच आस्थेने पाहिले गेले नाही, ही विसंगती बोचणारी आहे.

डागडुजीचा मुद्दाही टिकत नाही. अस्सलपणा केवळ मूळ सामग्रीत नसून उपयोग, परंपरा आणि तंत्र यांतही शोधता येतो, हे १९९४ च्या नारा दस्तऐवजाने मान्य केले आहे. गवती छपराच्या जागी पत्रा आला म्हणून गोठ्याचे सारे मूल्य संपत नाही. उलट जुन्या भिंती राखून गव्हाण आणि मोरी काढून टाकली व तेथे ‘ग्रामीण’ उपाहारगृह थाटले, तर दिसायला जुने असूनही हानी अधिक होते. गावातले जुने ते सारे जपावे, ही भाबडी भूमिकाही अर्थात त्याज्यच आहे, कारण मूल्यमापन म्हणजे निवड.

वारसा ठरवल्याने शेतकऱ्याचे हात बांधले जातील, ही भीती मात्र निराधार नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात किमान १०० वर्षांचे अस्तित्व ही प्राचीन स्मारकाची एक अट आहे, आणि त्या कायद्याची बंधने चालत्या शेताला मानवणारी नाहीत. म्हणून संरक्षणाआधी नोंद हवी : मोजमापांसह नकाशे, कामाचा क्रम, आणि डागडुजी कोण, कशाने करतो याची माहिती. हरिपुरात या कामाचा आरंभ पेव भरणाऱ्या आणि उपसणाऱ्या वृद्ध कामगारांपासून व्हावा. खड्ड्याचा व्यास पुढेही मोजता येईल.