नोंदीवाचून दगड मुका

आकाशातून पडलेला दगड संग्रहालयात मांडला की आपण कौतुकाने पाहतो आणि पुढे सरकतो. तो कोणत्या वाटेने आला, हे दगड सांगत नाही; ते नोंदच सांगते.

७ एप्रिल १९५९ रोजी चेकोस्लोव्हाकियात प्रिब्रामजवळ अशनी पडला. ओंद्रेयोव्ह वेधशाळेचे कॅमेरे नेहमीप्रमाणे आकाशाचे फोटो घेत होते. दोन ठिकाणच्या फोटोंवरून त्याची वाट व उंची ठरली. भिंगापुढच्या फिरत्या पात्यांनी प्रकाशरेषेचे तुकडे पाडले होते, त्यांवरून वेग निघाला. त्सेप्लेखा यांनी त्यावरून सूर्याभोवतीची कक्षा मांडली. तिचे दूरचे टोक मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान निघाले. फोटोंवरून कक्षा ठरलेला हा पहिला अशनी. त्याचे चार तुकडेही सापडले.

६ एप्रिल २००२ रोजी बव्हेरियात नॉयश्वानस्टाइनचा अशनी पडला. तिथल्या कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून कक्षा काढली, तर ती जवळजवळ प्रिब्रामचीच! दोघे सख्खे भाऊ, असे कोणीही म्हणेल. पण दगड तपासले तेव्हा घडण अगदी निराळी निघाली. एका नोंदीने सुचवलेला तर्क दुसरीने अडवला.

आपण शोधाच्या रात्रीचे गोडवे गातो. माझ्या मते खरे श्रेय आधीच्या, काहीच न घडलेल्या रात्रींचे आहे. त्या रात्रीही कॅमेरे उघडे होते. आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही एवढे शिकावे. वेशीवरचा वीरगळ कोठून उचलून आणला, हे कोणी टिपले नाही, तर तोही मुकाच राहणार.