एक नांव, दोन कुळें

डोंबिवलीच्या एका वाचकबंधूंची पृच्छा आली आहे. त्यांचें घराणें मूळचें ठाण्याचें. परदेशीं जन्मलेल्या नातवाचें नांव 'थेन' ठेवावें असा मुलासुनेचा मानस आहे. कारण हें इंग्रजी नांव रोमन लिपींत टी-एच-ए-एन-ई असें, म्हणजे हुबेहूब आपल्या ठाण्यासारखें, लिहितात. घरांतील वडील मंडळी नाखूष आहेत. तो शब्द आपल्या 'स्थान' शब्दापासूनच निघाला असें आम्हीं लिहिल्यास त्यांचा विरोध मावळेल, अशी त्यांस आशा वाटते.

हें नांव इंग्रजांतही विरळाच. मूळ शब्द प्राचीन इंग्रजींतील 'थेग्न'. अर्थ सेवक, अनुचर. राजाच्या पदरीं शस्त्र धरणारा हा सेवक पुढें जमीनदार झाला व शब्दासही प्रतिष्ठा आली. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर तेथें ही पदवी मागें पडली. स्कॉटलंडांत ती टिकली. शेक्सपिअरचा मॅकबेथ कॉडरचा 'थेन' होतो तो याच अर्थानें.

आमच्या ठाण्याचें कूळ निराळें. शिलाहारांच्या ताम्रपटांत तें 'श्रीस्थानक' आहे. स्थान, प्राकृत ठाण, मग ठाणें, असा त्याचा क्रम. अक्षरसाम्यही अलीकडचेंच, १८८२ च्या सरकारी गॅझेटिअरांत रोमन लिपींत 'थाना' असें छापलें आहे.

येथें कान फसतो. संस्कृतांत शब्दारंभीं 'त' असतो तेथें इंग्रजींत बहुधा 'थ' येतो : त्रि व थ्री, तृष्णा व थर्स्ट. 'स्था' धातूचा इंग्रजी सोयरा 'स्टँड' होय, 'थेन' नव्हे. 'थेग्न' शब्दाचें नातें भाषाशास्त्रज्ञ ग्रीक 'टेक्नॉन' शब्दाशीं जोडतात, आणि त्याचा अर्थ मूल, अपत्य! मुलाचा सेवक कसा झाला याचें नवल नको. आपणही दुकानांतील नोकरास 'पोऱ्या' म्हणतोंच.

तेव्हां वडिलांची समजूत घालण्यासाठीं खोटी वंशावळ रचूं नये. नातू मोठा झाल्यावर आपल्या नांवाचा अर्थ विचारील, तेव्हां खरें सांगतां आलें पाहिजे. पूर्वजांच्या गांवाची आठवण राहावी, ही इच्छा कांहीं लहान नव्हे. तिला व्युत्पत्तीचा टेंकू कशाला? शिवाय बाळाच्या नांवाच्या मुळाशीं 'बाळ' हाच अर्थ निघतो, हें ऐकून आजीबाईही प्रसन्न होतील, अशी आमची खात्री आहे.