भैरवीपर्यंत कॅमेरा जागा हवा

मैफल रंगात येते आणि नेमकी तेव्हाच कॅमेऱ्याची बॅटरी लाल खूण दाखवू लागते. चित्रीकरण करणाऱ्या बहुतेकांनी हा क्षण सोसलेला असतो. बॅटरी बदलायला अर्धं मिनिट लागतं, पण तेवढ्यात निसटलेली तान परत येत नाही. म्हणून तासन्‌तास चालणाऱ्या कामासाठी माझा आग्रह आहे, की कॅमेरा थेट विजेवर चालवा. त्यासाठी बॅटरीच्याच आकाराची ‘डमी बॅटरी’ मिळते. ती बॅटरीच्या कप्प्यात बसते, तिची वायर रबरी झाकणीतून बाहेर येते आणि अडॅप्टर भिंतीतल्या २३० व्होल्टचे कॅमेऱ्याला मानवतील असे साधारण ८ व्होल्ट करतो. हे आकडे मॉडेलनुसार बदलतात, तेव्हा पुस्तिका वाचूनच खरेदी करा; स्वस्तातला बेभरवशाचा अडॅप्टर महागडा कॅमेरा जाळू शकतो. मात्र डमीच्या मागे राखीव साठा नसतो. वीज गेली किंवा कुणाचा पाय वायरीत अडकला, की कॅमेरा तत्क्षणी बंद पडतो आणि चालू फाइल अर्धवट राहून खराब होऊ शकते. म्हणून वायर जमिनीला टेपने चिकटवा, अडॅप्टर यूपीएसवर लावा. चालू असताना यूएसबी-सीवरून वीज घेणारा कॅमेरा असेल तर डमीऐवजी आत भरलेली बॅटरीच राहू द्या. वीज गेली तर ती सांभाळून घेते. कलावंत भैरवीपर्यंत जीव ओततो. तोवर कॅमेरा जागा ठेवणं हे आपलं कर्तव्य आहे.