लेझीम पथकाच्या बाईंची पिशवी

प्रजासत्ताक दिनी सकाळी ध्वजवंदन आटोपले की शाळेच्या मैदानावर हलगी घुमू लागते आणि चाळीस मुलींचे लेझीम पथक रांगेने आत येते. शहापूर असो वा मुरबाड, हा देखावा गावाच्या ओळखीचा आहे. बाजारपेठेतील व्यापारी मंडळी पाहुणे म्हणून व्यासपीठावर असतात, पालक कुंपणालगत उभे असतात आणि दहा-बारा मिनिटांत पथक सलामी देऊन बाहेर पडते. या दहा मिनिटांमागे कित्येक आठवड्यांचा सराव असतो. तो घेणारी शिक्षिका त्या वेळी मैदानाच्या कडेला, गळ्यात शिट्टी आणि खांद्याला एक जाड कापडी पिशवी अडकवून उभी असते. कोणती मुलगी सरावातून मध्येच गळाली आणि कोणती शेवटपर्यंत टिकली, याचा पुष्कळसा निकाल त्या पिशवीत काय होते आणि काय नव्हते यावर लागलेला असतो.

अमेरिकेतील शाळांत क्रीडासंघाला प्रोत्साहन देणारी चिअरलीडिंगची पथके असतात. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात एका विद्यार्थ्याने प्रेक्षकांसमोर उभे राहून घोषणांचे नेतृत्व केले, तेथून या प्रकाराचा आरंभ मानला जातो. आज तेथील माध्यमिक शाळांतून या पथकांना प्रशिक्षक लाभतात. ठेका, रांगा, उड्या, मनोरे आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींचा सांभाळ हे त्यांचे काम. आपल्याकडे हेच काम लेझीम, कवायत आणि मानवी मनोरे शिकवणारी क्रीडाशिक्षिका करते. मात्र तिच्याकडे अन्य तासिकाही असतात, पावसाळ्यात कबड्डी आणि खो-खोचे संघ घेऊन तालुक्याच्या स्पर्धांना जावे लागते, आणि ग्रामीण शाळेत क्रीडासाहित्याला स्वतंत्र खोली मिळतेच असे नाही. म्हणून खांद्यावरची पिशवी हेच तिचे कोठार होते.

त्या कोठारातील पहिली वस्तू शिट्टी नव्हे, फुटाण्यांचा डबा असावा. शासनाची शालेय पोषण आहाराची योजना इयत्ता पहिली ते आठवीपर्यंतच आहे. लेझीम पथकात मात्र नववी-दहावीच्या मुली पुष्कळ असतात. माहुलीच्या पायथ्याकडील किंवा माळशेजच्या वाटेवरील पाड्यांतून येणारी मुलगी सकाळी लवकर घर सोडते, दुपारचा डबा असला तर खाते, आणि शाळा सुटल्यावर तासभर लेझीम खेळते. रिकाम्या पोटी तासभर उड्या मारणारी मुलगी आधी चिडचिडी होते, मग ठेका चुकते आणि एखाद्या दिवशी येईनाशी होते. तिला आळशी ठरवण्यापूर्वी तिने शेवटचे केव्हा खाल्ले हे विचारावे. सरावाआधी मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम फुटाणे आणि गुळाचा एक खडा दिला, तर तिला साधारण ६ ग्रॅम प्रथिने आणि तासभर पुरेल एवढी ऊर्जा मिळते.

दुसरी वस्तू पाणी. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाचा सराव नेमका एप्रिलच्या उन्हात येतो. घरात पाणी जपून वापरणारी मुलगी शाळेत रिकामी बाटली घेऊन येते. सरावाच्या जागी झाकणाचे आणि तोटीचे वीस लिटरचे एक पिंप, गाळण्यासाठी स्वच्छ कापड आणि प्रत्येकीचा वेगळा पेला एवढे तरी असावे. दर पंधरा मिनिटांनी शिट्टी वाजवून सर्वांना पाणी प्यायला लावावे, कारण तहान लागल्याचे सांगून रांग मोडण्याचे धैर्य सगळ्या मुलींना होत नाही. पिशवीत जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. ती नसतील तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये. भोवळ, मळमळ किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर मुलीला सावलीत आडवे करून अंग ओल्या कापडाने पुसावे, वारा घालावा आणि विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे.

भोवळीचे दुसरे कारण रक्तात असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. म्हणजे चाळीस जणींच्या पथकात वीसहून अधिक मुलींच्या रक्तात लोह कमी असण्याचा संभव आहे. शाळेत आठवड्याला दिली जाणारी लोहाची निळी गोळी पुष्कळ मुली खिशात घालून घरी नेतात आणि विसरतात. पोट रिकामे असता ती मळमळवते, म्हणून जेवणानंतर ती आपल्यासमोर घ्यायला लावणे हे क्रीडाशिक्षिकेच्या हातचे काम आहे. पिशवीच्या आतल्या कप्प्यात सॅनिटरी पॅड, जुन्या वर्तमानपत्राचे कागद आणि एक गडद रंगाची जास्तीची सलवार असावी. कपड्यावर डाग पडेल या भीतीने महिन्यातले चार दिवस सराव चुकवणारी मुलगी पथकातून हळूहळू बाहेर पडते. तो कप्पा कोठे आहे हे पथकातील प्रत्येकीला ठाऊक असावे आणि त्यातील वस्तू घेताना कोणाची परवानगी मागावी लागू नये.

त्यानंतर प्रथमोपचाराचा डबा. त्यात कापूस, जखमेवरील पट्ट्या, पोव्हिडोन आयोडीन, क्रेप बँडेज, कात्री आणि काटा काढण्याचा चिमटा हवा. पाय मुरगळल्यास मुलीला चालू देऊ नये. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा, बँडेज बांधावे आणि पाय उंचावर ठेवावा. जवळच्या कोणत्या दुकानात बर्फ किंवा थंड पेटी आहे हे आधीच ठरवून ठेवावे. पावसाळ्यात पंधरा ऑगस्टचा सराव गवत माजलेल्या मैदानावर होतो, तेव्हा सर्पदंशाची शक्यता गृहीत धरावी. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये. तो अवयव हलू न देता मुलीला शांत ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे. प्रतिसर्पविष कोणत्या रुग्णालयात आहे याची चौकशी जूनमध्येच करून तो दूरध्वनी क्रमांक डब्याच्या झाकणावर चिकटवावा.

लेझीमही इजा करते. लाकडी दांड्याला जोडलेल्या साखळीची कडी उघडी पडली की चकत्या निसटतात आणि बोटे कापतात. एक पक्कड, थोडी तार, काही जादा कड्या आणि दांड्याला गुंडाळायची कापडी चिकटपट्टी जवळ असली, तर पाच मिनिटांत लेझीम पुन्हा हाती येते. मैदान आखण्यासाठी फक्की आणि दोरी हवी. रांगेत पुरेसे अंतर राहिले नाही तर शेजारणीचे लेझीम कपाळाला लागते. मानवी मनोऱ्याचा सराव गाद्यांवाचून करू नये. वर चढणाऱ्या प्रत्येक मुलीमागे तिला झेलण्यासाठी दोघी उभ्या कराव्यात आणि नवख्या मुलींना दोन थरांपुढे नेऊ नये. बक्षिसासाठी तिसरा थर रचण्याचा मोह होतो, पण कठीण जमिनीवर मानेवर पडलेल्या मुलीला कोणतीही पिशवी उपयोगी पडत नाही.

सर्वांत हलकी परंतु अपरिहार्य वस्तू म्हणजे एक वही. प्रत्येक मुलीच्या नावापुढे पालकांचा दूरध्वनी, रक्तगट, दमा किंवा फिट्स असल्यास तशी नोंद, औषधाची ॲलर्जी आणि घरी जाण्याची गाडी लिहावी. मुरबाडला अद्याप रेल्वे नाही. शहापूरकरांना आसनगावचे स्थानक जवळ असले, तरी आतल्या गावांचे सगळे येणे-जाणे एसटीवर आहे. ग्रामीण विद्यार्थिनींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, पण पास असून गाडी निघून गेली तर मुलीने अंधारात डांबरी सडकेने चालायचे का? एकदा असे घडले की दुसऱ्या दिवशी वडील तिला पथकातून काढतात, आणि त्यांचे चुकते असेही म्हणता येत नाही. म्हणून सरावाची वेळ शिक्षिकेच्या सोयीने नव्हे, शेवटच्या सोयीच्या गाडीच्या वेळेने ठरवावी आणि ते वेळापत्रक वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

याच शिस्तीचा लाभ जैन घरांतील मुलींनाही होतो. डिसेंबरअखेरीस सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो. सराव साडेपाचला संपला तर चौविहार पाळणारी मुलगी घरी पोहोचून वेळेवर जेवू शकते. स्पर्धेसाठी संघ कल्याण-ठाण्याला गेला की वाटेतला अल्पोपाहार बहुधा वडापावच असतो. बटाटा-कांदा वर्ज्य असलेली मुलगी त्या वेळी भूक नाही असे सांगते आणि उपाशी खेळते. फुटाणे, गूळ, चुरमुरे, खाकरा आणि केळी बरोबर असली तर तिला काही समजावून सांगावे लागत नाही आणि बाकीच्यांनाही तेच चालते.

या सगळ्यात स्वतः शिक्षिकेच्या वाट्याचे काय? चाळीस मुलींवर ओरडून महिनाभरात तिचा घसा बसतो, आणि घसा हे तिच्या पोटापाण्याचे साधन आहे. आज्ञा शिट्टीच्या आणि हाताच्या ठरावीक खुणांनी द्याव्यात, ठेका हलगीवर सोपवावा. कोमट पाण्याची बाटली, टोपी, जाड तळव्याचे बूट, पावसाळ्यात जादा मोजे आणि तिचा स्वतःचा डबा ही तिची नित्याची गरज आहे. मधल्या सुट्टीत मुलींच्या नोंदी करीत उपाशी राहणारी शिक्षिका चार वाजता मैदानावर रागावते, आणि त्या रागाचे खरे कारण तिच्याही ध्यानी येत नाही.

पिशवीतील या वस्तूंपैकी एकही महाग नाही. तरी ती बहुधा अर्धी रिकामी असते. याचे कारण व्यापारी घरांना चटकन समजेल. या वस्तू एकदा घेऊन कपाटात ठेवण्याच्या नाहीत, त्या रोज संपतात. शाळेला मिळणाऱ्या देणग्या मात्र प्रसंगाने येतात आणि टिकाऊ वस्तूंवर खर्च होतात. २६ जानेवारीला ढाल, करंडक, गणवेश यांवर दात्याचे नाव कोरता येते. फुटाण्यांवर, जलसंजीवनीच्या पाकिटावर किंवा पॅडवर नाव घालता येत नाही, म्हणून ते कोणी देत नाही, आणि शिक्षिका आपल्या पगारातून किती काळ आणणार? दुकानात न खपणारा माल कपाटभर आणि रोजचा माल संपलेला असेल, तर तो दुकानदार तोट्यात जातो. शाळेच्या कपाटात करंडकांची रांग असते आणि पिशवीत क्रेप बँडेज नसते, ही स्थिती त्याहून वेगळी नाही.

हिशेब करून पाहावा. चाळीस मुली, आठवड्यातून तीन दिवस सराव, प्रत्येकीला ३० ग्रॅम फुटाणे आणि १० ग्रॅम गूळ. महिन्याला सुमारे १५ किलो फुटाणे आणि ५ किलो गूळ होतो. किराणा पेढीच्या उलाढालीत हा आकडा नगण्य आहे. औषधाच्या दुकानाने डब्यातील संपलेल्या वस्तू, कापडवाल्याने जुन्या गाद्यांना खोळी आणि हार्डवेअरवाल्याने तार-कड्या द्याव्यात. त्यासाठी मंडळ स्थापण्याची किंवा फलक लावण्याची आवश्यकता नाही. खातेवहीत शाळेच्या नावाचे एक पान उघडावे, शिक्षिकेने दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पिशवी तपासून संपलेल्या वस्तूंची यादी पाठवावी आणि दुकानातील मुलाने सोमवारी माल शाळेत पोहोचवावा. ढाल द्यायची असेल तर तीही जरूर द्यावी, पण त्या पानावरचा माल आधी पोहोचलेला असावा.