कोंबडी फिरलीच पाहिजे!

"ते जुनं धूड फेका आता," असं हल्ली वहिनीसुद्धा म्हणू लागल्यात, म्हणून हे जाहीर उत्तर. मंडळी, एअर फ्रायर म्हणजे पंखा बसवलेला छोटा ओव्हन. एवढ्यासाठी माझं फार्बरवेअर ओपन हार्थ कचऱ्यात? एक कॉइल, एक मोटर, खाली ट्रे. ना टायमर, ना बटण. बिघडणार काय, कपाळ? (वायर मात्र दरवेळी तपासावी.) कोंबडी फिरते तेव्हा सुटलेली चरबी आधी तिच्याच अंगावरून फिरते, मग गळते. डब्यात पडून राहिलेल्या कोंबडीला हे सुख कुठलं!

रॉन पोपीलने १९९८ मध्ये शोटाइम रोटिसरी विकताना 'लावा आणि विसरा' असा मंत्र दिला. तोही साफ खोटा. पंख-तंगड्या दोऱ्याने आवळल्या नाहीत, सळई मधोमध गेली नाही, तर प्रत्येक फेरीला कोंबडी धपकन कलंडते आणि मोटर कण्हते. शेवटी मांडीत थर्मामीटर खुपसून ७४ अंश सेल्सियस झाल्याची खात्री करायची. दीड तास लागतो. लागू दे की!

आणि हो, "फेकण्यापेक्षा पुण्याला पाठव" म्हणणाऱ्यांनो, हे अमेरिकेतल्या १२० व्होल्टचं आहे. तिकडे २३० वर थेट लावलंत तर कोंबडीआधी कॉइलच भाजेल.