दहा हजार ल्युमेनची बॅटरी

टॉर्चच्या खोक्यावर छापलेल्या ल्युमेनवर विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. परवा धाकट्या भावानं गावाहून फोटो पाठवला. साडेतीनशे रुपयांची बॅटरी (आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात), त्यावर ठळक अक्षरांत १०,००० ल्युमेन. "दादा, घेऊ का?"

आत १८६५० जातीचा एकच सेल. चांगल्यातला चांगला धरला तरी त्यात दहा-बारा वॉट-तास ऊर्जा मावते. चांगली एलईडी एका वॉटला १५० ल्युमेन देते असं उदार मनानं धरू. म्हणजे दहा वॉट-तासांत १,५०० ल्युमेन-तास. दहा हजार ल्युमेननं जाळलं तर नऊ मिनिटांत खेळ खलास, आणि तोवर ६७ वॉटची उष्णता नि उजेड मुठीत धरायचा. हे गणित सातवीतल्या पोरालाही जमेल. त्याला लिहिलं, घेऊ नकोस.

मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. इथे म्हैसूरच्या क्वार्टरमध्ये मी बाथरूम वापरतो. पांढरं छत, दार बंद, दिवा बंद. टॉर्च छताकडे तोंड करून उभी ठेवायची, मोबाइल बाजूला फळीवर, थेट झोत पडणार नाही असा, आणि लक्स मोजणारं ॲप लावायचं. मोबाइलचा आकडा खरा नसतो, पण दोन टॉर्चमधलं प्रमाण बऱ्यापैकी खरं असतं. खात्रीच्या टॉर्चशी तुलना केली की झालं. जागा मात्र हलवायची नाही.

झोताचा पल्ला हवा असेल तर अंधाऱ्या व्हरांड्यात पाच मीटरवर लक्स घ्या. १०० आले तर गुणिले अंतराचा वर्ग, म्हणजे २,५०० कँडेला. त्याचं वर्गमूळ ५०, दुप्पट १००. शंभर मीटरवर साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडेल. खोक्यावरचा 'पल्ला' तो एवढाच. तिथला माणूस ओळखू येईल असा नाही.

माझा खरा वाद वेळेशी आहे. एफएल-१ या अमेरिकन प्रमाणात (२००९) ल्युमेन मोजतात टॉर्च लावल्यावर पहिल्या दोन मिनिटांत, आणि 'चालण्याचा वेळ' धरतात उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंत. पाचशेचे पन्नास झाले तरी कागदावर ती चालूच! मी निम्म्यापर्यंतच मोजतो. दर दहा मिनिटांनी एक नोंद, वहीत. मग चार्ज करताना यूएसबी मीटरवर किती वॉट-तास गेले ते पाहायचं. मिळालेल्या ल्युमेन-तासांना त्यानं भागलं की टॉर्चची लायकी कळते.

खडकवासल्यात रात्रीच्या नकाशावाचनात आम्हाला उजेड कमी वापरायलाच शिकवलं. लाल काच, झाकलेला हात. प्रखर टॉर्चचं आकर्षण मला म्हणून कधी कळलं नाही. (राजवाड्यावरच्या लाखभर दिव्यांची गोष्ट वेगळी. तिथे दिपवणं हेच काम आहे.)

भावाच्या शेतीपंपाला पाळीनं रात्रीची वीज येते. उसात दारं धरायला तो बारा वाजता जातो, परततो पहाटे. घोणस, मण्यार याच वेळी बाहेर असतात. त्याला पावलापुढं तीन-चार मीटर, शंभरेक ल्युमेन, पण पाच तास न उतरता हवेत. तशी एक मोजून ठेवली आहे. पुढच्या सुट्टीत घेऊन जाईन, सोबत एक जादा सेल.